वीज

करावे गावच्या बांधावर मी अजून संध्याकाळी बसतो.
चिखलात रोहित पक्षी माना खाली घालून उभे.
फोटो काढणारे विचारतात, काका, पाणी कधी भरणार?
मी तिथी विचारतो. ती त्यांना माहीत नसते.

आयुष्यात एकदाच मी असं पाणी पाहिलं
ज्याला तिथी नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साल. बेलापूर रोडवरच्या कारखान्याने
आम्हां तिघांना हंगेरीला धाडलं, ट्रान्सफॉर्मर शिकायला.
मिठागरवाल्याचा पोरगा मी, अंगात उसना लोकरी कोट,
जूनच्या उन्हात चिंब.
तिकडेही उन्हाळा असतो हे कोणी सांगितलंच नव्हतं.

रविवारी कामगारांना तळ्यावर नेत.
तळं कसलं, पलीकडचा काठ दिसेना.
मी दुपारभर धक्क्यावर बसून राहिलो
पाणी उतरायची वाट बघत.
शेवटी होड्या भाड्याने देणारी जवळ आली.
यूदित. नाकाची कातडी उन्हाने सोललेली, हातात वल्हं.
मी हातानेच विचारलं, हे खाली कधी जातं?
तिने मान हलवली. जात नाही.
कुठेच जात नाही.

बोट बुडवून जिभेला लावलं. गोडं.
एवढं पाणी, आणि चिमूटभर मीठ नाही!
माझा बाप हसला असता.

चार रविवार.
तिच्या आईच्या हातचं आंबट चेऱ्यांचं गार सार,
कोकमाच्या साराचं लांबचं भावंड, पण त्यात साय.
बिया पाण्यात फुंकायचो, कोणाची लांब जाते ते बघत.
कारखान्यात दुभाषा होता, होडीत नव्हता.
माझ्या छातीवर बोट टेकवून तिने विचारलं, तू? काम?
मी म्हटलं, वीज.
ती चमकली. वीज?
ओंजळ बुडवून वर धरली,
बोटांतून ऊन ठिबकलं.
वीज, ती म्हणाली.
मला वाटलं, काय नजर आहे हिची!
मी हो म्हटलं.
त्या दिवशी परतताना तिने
पण राहू दे. सुगंधा हे वाचणार आहे.

साखरपुडा करूनच गेलो होतो.
चौथ्या रविवारी बोटाभोवती अंगठी काढून दाखवली, हवेत.
तिने बोटाकडे पाहिलं,
मग डब्याने होडीतलं पाणी उपसू लागली.
होडीत फारसं पाणी नव्हतं.

दोन पत्रं आली. करावेत ती वाचणार कोण?
लग्नानंतर सुगंधानेच ती जपली,
रेशनकार्डाच्या पिशवीत, सातबाऱ्याला लागून.
जमीन सिडकोत गेली. पत्रं राहिली.

यंदा मे महिन्यात नात आली, मनवा.
तिने कागदावर फोन धरला
आणि यूदितचं अक्षर थरथरत मराठी होऊ लागलं.
होडीला हिरवा रंग दिला. आईचा गुडघा दुखतो.
दुसऱ्याच्या शेवटी:
तुझ्या गावचं पाणी कसं आहे?
तुझं काम तेच, म्हणून विचारते. नीट सांभाळ.

पाणी? अगं, मी तर विजेचा माणूस.
मनवाला म्हटलं, विचार त्याला,
त्यांच्यात पाण्याला काय म्हणतात.
फोनमधली बाई स्पष्ट म्हणाली,
वीज.

सुगंधाला हसताना ठसका लागला.
"इतकी वरसां तिकरं तू पानीवाला!"
मग डोळे पुसत पदराआडून,
"जवाब तरी दे तिला."

तर यूदित, उशीर झाला, पण तू विचारलंस म्हणून.
मिठागर गेलं. बापाच्या कोंडीवरून आता सहापदरी रस्ता जातो.
खाडी अरुंद झाली, काळी झाली,
तरी दिवसातून दोनदा येते.
आज पौर्णिमा, मध्यरात्रीकडे भरेल.
सांभाळतो असं नाही म्हणवत.
बघत बसतो.